मोजकं, पण पुरतं : एका पुस्तिकेच्या नोंदी

६ जानेवारी २०२५
पत्रकार दिन. वाचनालयाच्या आम्ही चौघी सकाळच्या एसटीने पोंभुर्ल्याला जाऊन आलो. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघाला, पण तो काढणारे बाळशास्त्री जांभेकर या गावचे, आपल्या देवगड तालुक्यातले. एका बाजूला मराठी आणि शेजारी इंग्रजी असे दोन स्तंभ. ज्याला जी भाषा येते त्याने ती वाचावी, एवढा सरळ विचार.

परतताना वहिनीने फोन पुढे केला. वाडीच्या ग्रुपवर सूचना आली होती : 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, सदर नळपाणी योजनेच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आलेले असल्या कारणाने...' असं सुरू होऊन खाली खाली जात होती. पाणी कधी नाही, ते शेवटच्या ओळीत. 'एवढा वाचेपर्यंत हंडो भरून झालो असतो,' वहिनी म्हणाली.

गाडीतच ठरलं. सोसायटी, बचत गट, होमस्टेवाले, आंबेवाले, ज्यांना रोज फोनवर चार ओळी लिहाव्या लागतात त्यांच्यासाठी छोटी पुस्तिका करायची. मराठीत, आपल्या किनाऱ्यावरच्या उदाहरणांनी. मच्छीमार सोसायटीचे मेसेज तीन वर्षं मीच लिहिते आहे, तेव्हा लिहिण्याचं काम माझ्याकडे.

१९ जानेवारी
आठवडाभर नुसते मेसेज गोळा केले. लोकांनी हौसेने पाठवले. दोनेकशे झाले असतील. छापून भिंतीला चिकटवले आणि लाल पेनने फक्त एवढंच शोधलं, की वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट कितव्या ओळीत येते. बहुतेकांत चौथ्या-पाचव्या.

पेन जिथे जिथे अडलं ते तुकडे वहीत उतरवले. 'आयोजन करण्यात आलेले आहे', म्हणजे 'आहे'. 'विक्रीसाठी उपलब्ध आहेत', म्हणजे 'मिळतील'. 'संपर्क साधावा', म्हणजे 'फोन करा'. 'या ठिकाणी' काढलं तर काहीच बिघडत नाही. 'च्या माध्यमातून' म्हणजे 'ने'. मराठीला हे प्रत्ययांचं केवढं वैभव आहे! 'समुद्राकडच्या खोल्या' हे दोन शब्दांत होतं, आणि आपण लिहितो 'समुद्राच्या बाजूला असणाऱ्या खोल्या'. ही फुगलेली भाषा घरात कुणीच बोलत नाही. कचेरीतल्या पत्रांतून ती आपल्या बोटांत आली आहे. हे पान पुस्तिकेत पहिलं घ्यायचं.

४ फेब्रुवारी
मोजणीचं प्रकरण लिहिलं. सगळ्यात जास्त वेळ यात गेला, पण ते स्वच्छ समजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

आपण जोडाक्षर एक धरतो, फोन तसं धरत नाही. 'मत्स्योद्योग' डोळ्यांना चार अक्षरं : म, त्स्यो, द्यो, ग. फोनच्या हिशेबात बारा चिन्हं, कारण प्रत्येक पाय मोडल्याची खूण वेगळी आणि प्रत्येक मात्राही वेगळी. 'मासेमारी' हाही चार अक्षरांचा शब्द, पण आठ चिन्हांत बसतो. म्हणून आम्ही पुस्तिकेत 'अक्षर' आणि 'चिन्ह' हे दोन शब्द वेगळे वापरणार आहोत.

मग हद्दी. एक्सवर मोफत खात्याला २८० चिन्हं. २००६ मध्ये ते ट्विटर म्हणून सुरू झालं तेव्हा १४० होती, कारण एका एसएमएसमध्ये १६० मावायची आणि वीस लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखली होती. २०१७ च्या नोव्हेंबरात १४० ची २८० झाली. लिंक कितीही लांब असली तरी २३ धरतात. इन्स्टाग्रामवर २२०० चालतात, पण साधारण पहिली सव्वाशेच उघडी दिसतात, बाकी 'आणखी'च्या आड.

एसएमएस मात्र आपल्यासाठी महत्त्वाचा, कारण बोटीवर नेट जातं तिथेही तो कधीकधी पोचतो आणि आमच्या निम्म्या खलाशांकडे बटणांचे फोन आहेत. रोमन लिपीत १६०, देवनागरीत एका मेसेजला ७० चिन्हं. त्याच्या पुढे गेलं की मेसेज तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. म्हणजे दीडशे चिन्हांची मराठी सूचना तीन मेसेजचे पैसे खाते.

मग रोमनमध्ये लिहावं का? सचिवांनी विचारलं. मी 'kal' असं कागदावर लिहून त्यांना दिलं. त्यांनी 'काल' वाचलं, शेजारच्या काकांनी 'काळ' वाचलं आणि मला 'कळ' म्हणायचं होतं. 'bara' लिहिलं तर बारा की बरा? वेळ सांगताना हा धोका नको. देवनागरीच.

२२ फेब्रुवारी
आज मन फार खट्टू आहे, तरी नोंद करते.

बोटीच्या परवान्याच्या कागदपत्रांसाठी काल सोसायटीत शिबिर होतं. २० तारखेला संध्याकाळी मी मेसेज टाकला होता. तीन वेळा छाटून, अगदी अभिमानाने : 'उद्या सकाळी १० वाजता सोसायटीत परवाना शिबिर. आधार, बोटीची कागदपत्रं आणा.' इतका आखूड मेसेज मी आधी कधी लिहिला नव्हता.

आज सकाळी सोसायटी उघडायला गेले तर पायरीवर एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आणि त्यांची सून बसलेली. होडीने खाडी ओलांडून, मग रिक्षा करून आलेले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. त्यांना मेसेज काल दुपारी कुणीतरी पुढे पाठवला होता. वर काल दुपारची वेळ, आत 'उद्या'. त्यांनी बरोबरच वाचलं होतं.

'उद्या म्हंजे खयचो दिवस गो?' काकांनी शांतपणे विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं. सुनेने त्या दिवसाचा कोलंबी सोलायचा रोज बुडवला होता. आम्ही कागद ठेवून घेतले, मी स्वतः नेऊन देणार आहे. पण त्या बाईचा रोज माझ्या एका शब्दाने गेला.

दोन चिन्हं वाचवायला मी तारीख काढली होती.

२ मार्च
काकांचे कागद मार्गी लागले. पावती द्यायला त्यांच्या घरी गेले. ओटीवर जाळं विणत बसले होते. बोलता बोलता तारेचा विषय निघाला. थोरला भाऊ लालबागला गिरणीत, त्यामुळे घरातल्या बऱ्या-वाईट बातम्या तारेनेच जायच्या. शब्दावर पैसे, म्हणून वडील पोस्टात उभं राहून शब्द बोटांवर मोजायचे. 'आई सिरियस, लवकर निघ.' चार शब्द. भाऊ तेवढ्यावर रात्रीची गाडी पकडायचा.

मी म्हटलं, त्यातही तारीख नव्हती. काका उठून आत गेले आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक पिवळा कागद घेऊन आले. शब्द थोडेच होते. पण वर पोस्टाचा गोल शिक्का, त्यात गाव आणि दिवस. बाजूला तार कुठून निघाली त्या ऑफिसचं नाव. पाठवणाऱ्याला ते लिहावं लागत नव्हतं, पोस्ट लिहीत होतं. पोस्टकार्डाचंही तसंच.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. आता आपण तिच्यापेक्षा आखूड लिहितो, पण शिक्का मारणारं कुणी उरलेलं नाही. पुढे पाठवलेल्या मेसेजवर जी वेळ दिसते ती पाठवणाऱ्याच्या बोटाची, लिहिणाऱ्याची नव्हे. मूळ कुणी लिहिलं ते नाव पहिल्याच उडीत गळून पडतं. व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवण्यावर एकावेळी पाच चॅटची मर्यादा घातली, फार फिरलेल्या मेसेजला २०२० पासून एकावेळी एकच केली. अफवांना त्याने खीळ बसते, पण आपला खरा मेसेज तेवढ्याने खुलासेवार होत नाही.

तेव्हा शिक्का आपणच आत मारायचा. दिवस, ठिकाण, कोण सांगतंय, आणि कधी लिहिलं. बाकी सगळं छाटा, या चौघांना हात लावू नका. पुस्तिकेचा कणा मला आज काकांच्या ओटीवर मिळाला. प्रकरणाचं नाव : 'शिक्का'.

१६ मार्च
शिमगा. पालखी घरोघर फिरते आहे. आठवडाभर कागदाला हात नाही.

९ एप्रिल
आंबा आणि होमस्टे, दोन्ही हंगाम अंगावर. उदाहरणं ताजी मिळतात म्हणून आत्ताच बसले.

एका ताईंचा होमस्टेचा मजकूर : 'निसर्गाच्या सान्निध्यात, अथांग सागराच्या कुशीत वसलेल्या आमच्या घरगुती निवासस्थानी आपले सहर्ष स्वागत आहे. येथे आपणांस अस्सल मालवणी पाहुणचाराचा...' सव्वाशे चिन्हं इथेच संपतात. पुण्याहून येणाऱ्या माणसाला अजून काहीच कळलेलं नाही. मी ताईंना विचारलं, फोनवर लोक पहिलं काय विचारतात? त्या क्षणात म्हणाल्या, 'समुद्र किती लांब, आणि जेवण देता का.' मग तेच लिहिलं :

'समुद्र चालत ४ मिनिटं. दोन खोल्या, जेवण घरचं, मासे रोजचे. दोघांना नाश्त्यासह २२०० रुपये, ३१ मे पर्यंत.'

ताईंना जरा ओकंबोकं वाटलं. 'स्वागत तरी म्हणूया गो.' मला त्यांचं पटलं, शेवटी 'या.' एवढं ठेवलं. कोकणात दारातून 'या' म्हटलं की त्यात पाणी-गूळ सगळं आलं.

आंब्याच्या मजकुरात सगळ्यांचं एकच : 'ओरिजिनल देवगड हापूस, एक नंबर क्वालिटी'. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नाव जपायला हवंच. पण एक नंबर सगळेच म्हणतात, तेव्हा त्यातून गिऱ्हाइकाला काही मिळत नाही. आढी कधी घातली, पेटी किती डझनाची, फळ साधारण किती ग्रॅमचं, पोचल्यावर किती दिवसांत खायचं, हे लिहिलं तर वाचणारा विशेषणाशिवाय विश्वास ठेवतो. बागायतदार काकांनी स्वतःच लिहून आणलं : 'गवताच्या आढीत ६ एप्रिलला ठेवलेला. १२ ला पिकेल.' मी एक शब्दही बदलला नाही.

२७ एप्रिल
आज अमावास्या, उधाण. संध्याकाळी भरतीचं पाणी सुरूंच्या मुळांपर्यंत आलं होतं. ते बघत असताना एक प्रश्न सुटला, जो महिनाभर अडला होता.

सोसायटीच्या ग्रुपवर मी 'भांग' लिहिते तेव्हा एक शब्द पुरतो. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, पाण्याला ओढ नसते, हे सगळं त्यात आलं. उधाणाचं उलट. पण हाच शब्द होमस्टेच्या पाहुण्याला लिहिला तर तो भलतंच समजेल. त्याला 'पाणी शांत, पोहायला बरं, सकाळी ११ पर्यंत' असं उलगडूनच सांगावं लागतं. पहिला मजकूर चार चिन्हांचा, दुसरा चाळीसच्या आसपास, आणि दोन्ही आपापल्या ठिकाणी सारखेच थोडक्यात आहेत.

आतापर्यंत मी चिन्हं मोजून आखूड-लांब ठरवत होते. आता प्रकरणाची सुरुवात बदलली. आधी लिहायचं 'हे कोण वाचणार आणि त्याच्याकडे कुठले शब्द आहेत', हद्दीचा तक्ता त्यानंतर. मतलई, रापण, तारली, आढी हे शब्द आपल्यात वापरताना उलगडायचे नाहीत. उलगडले की आपल्याच माणसाला परकं वाटतं.

२५ मे
तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. काल समुद्रातलं वादळी क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं. कालच पाऊस केरळात पोचल्याचं जाहीर झालं, १ जूनच्या नेहमीच्या तारखेच्या आठ दिवस आधी, आणि आज मान्सून देवगडला. झाडावर राहिलेला आंबा गेला. मासेमारीची बंदी १ जूनपासून, ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस. म्हणजे लोक अजून शेवटच्या फेऱ्या धरून होते.

२३ ला संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आला. मला तो बटणांच्या फोनवर एका एसएमएसमध्ये बसवायचा होता. लिहिलं : '२४, २५ मे: वादळी वारे. बोटी बाहेर काढू नयेत. सोसायटी, २३ मे सायं ६'. ६६ चिन्हं. शिक्का आहे, सत्तरच्या आत आहे. पाठवण्याआधी तांडेल काकांना फोन करून वाचून दाखवला, आता ती सवय लावून घेतली आहे.

काका थांबले. म्हणाले, मे अखेरीला 'बोट बाहेर काढूची' म्हणजे पाण्यातून वर ओढायची, शाकारायची. आणि एरवी बोट बाहेर काढायची म्हणजे समुद्रात न्यायची. तुझा कोणता अर्थ?

माझ्या अंगावर काटा आला. 'बाहेर' या एका शब्दात दोन्ही टोकं होती, आणि एका अर्थाने मी वादळाच्या तोंडावर लोकांना सांगत होते की बोटी पाण्यातच राहू द्या. बदललं : 'समुद्रात जाऊ नये'. ६२ चिन्हं झाली. चार कमी, आणि अर्थ एकच उरला. ६ वाजता गेला. रात्री सगळ्यांनी दिवे लावून बोटी वर ओढल्या. आमच्या वाडीतली एकही बोट पाण्यात नव्हती.

मेसेज काल आणि आजही फिरत होता. आज कुणीतरी तो मलाच परत पाठवला, तारखेसकट.

१२ जून
बंदी लागली, लोकांना वेळ आहे. सोसायटीच्या शेडमध्ये दोन बैठका घेतल्या. वाचून दाखवायचं आणि जिथे कुणी 'म्हंजे?' म्हणेल तिथे खूण करायची. 'कोडपॉइंट' हा चिन्हासाठीचा तांत्रिक शब्द मी एका जागी ठेवला होता, पहिल्या पाच मिनिटांत गेला. हॅशटॅगचं प्रकरण चार पानांचं होतं, त्याचं अर्धं पान केलं. गावाचं नाव मराठीत आणि एकदा रोमनमध्ये द्या, बाहेरचा माणूस तसंच शोधतो. बास.

४४ पानांची ३२ झाली. ए-५ आकार, मधे पिन. पिनेच्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीत लागतात, त्यामुळे कुठे थांबायचं तेही ठरलं.

३ जुलै
प्रेसमधून पहिलं प्रूफ आलं. मजकूर आम्ही युनिकोडमध्ये, मुक्त फॉन्टात दिला होता. छपाईच्या संगणकावर जुन्या पद्धतीचा फॉन्ट, म्हणून तो कन्व्हर्टरमधून गेला आणि चंद्रकोरीसारखा आपला 'ऱ्य' पडला. 'वाऱ्याचा' चं 'वार्याचा', 'किनाऱ्यावर' चं 'किनार्यावर'. कळवलं. ऑपरेटर दादांनी तत्परतेने सगळ्या पुस्तिकेत एकदम 'र्य' च्या जागी 'ऱ्य' घातला.

दुसरं प्रूफ उघडलं तर 'सूऱ्यास्त'. आणि 'शिक्का' प्रकरणात, जिथे काकांचं वाक्य होतं 'दर्या खवळलेला असताना', तिथे 'दऱ्या खवळलेला'. समुद्राच्या जागी डोंगरातल्या खोल दऱ्या. मराठीत हे दोन शब्द त्या एका वळणाने वेगळे राहतात, आणि हिंदीसाठी बनलेल्या यंत्रांना ते वळण ठाऊकच नसतं. मी आणि दादा दुपारभर शेजारी बसलो, एकेक जागा बोटाने दाखवत. ६१ जागा. दादांनी त्यानंतर स्वतःच सुचवलं, की कन्व्हर्टर सोडून थेट आमच्या फॉन्टात पानं लावू, पीडीएफ करून प्लेट काढू. तसंच केलं. प्रूफ वाचणाऱ्याने 'ऱ्य' आणि 'र्य' साठी एक वेगळी फेरी करावी, ही ओळ मागच्या पानावर वाढवली.

२८ जुलै
५०० प्रती आल्या. प्रत १८ रुपयांना पडली, किंमत २० ठेवली. पीडीएफ मोफत, नाव राखून कुणीही छापावी, बदलावी, वाटावी अशी परवानगी आत छापली आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो, पण अर्ज वेळेत केला नाही. दुसऱ्या आवृत्तीला घेऊ. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत ३० दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते. पुस्तिका असली तरी पाठवू. चार पाकिटं करून ठेवली.

८ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. मालवणच्या बंदरावर नारळ अर्पण झाला, बायकांची नारळ लढवण्याची स्पर्धा रंगली. प्रकाशन असं काही ठेवलं नाही. बंदरावर एक टेबल मांडलं, पहिली प्रत काकांच्या हातात दिली. त्यांनी 'शिक्का' चं पान काढून सुनेकडून वाचून घेतलं. तिने मोठ्याने वाचलं, 'उद्या' या शब्दावर काट मारलेली आहे तिथपर्यंत आली आणि माझ्याकडे बघून हसली. संध्याकाळपर्यंत १३० प्रती गेल्या.

२३ ऑगस्ट
चतुर्थीची धांदल. चाकरमानी यायला लागले. वाडीच्या ग्रुपवर मेसेज आला. तो मी लिहिलेला नाही, मला कुणी दाखवलाही नव्हता :

'२५ व २६ ऑगस्ट, सोम-मंगळ. कुडाळ स्टेशन ते आचरा सुमो, माणशी १५० रुपये. गाडी यायच्या अर्धा तास आधी फोन करा. – वाडीतली सुमो, २३ ऑगस्ट.'

दुपारी तो आणखी दोन ग्रुपवर फिरून आला. वहिनीने मुंबईला भावजयीला पाठवला, तिचं उत्तर आलं : 'मंगळवारी चार जणं.'